विदेशी हॅकरनी मत पळवलं म्हणायच्या आधी काय काय बघायचं

मागच्या विधानसभेला, म्हणजे 20 नोव्हेंबर 2024 च्या मतदानाला आठ-दहा दिवस राहिले असतील, तेव्हा मी स्वतः शेण खाल्लंय. ते पहिल्यांदा सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचताना वाटायचं की हा लई शहाणा लागून गेलाय. तर तालमीच्या ग्रुपवर मेसेज आला, परदेशी हॅकरांनी मतदार यादीत घुसून पेठेतली नावं उडवली, लगेच चेक करा. माझ्या पाकिटात लोकसभेची चिठ्ठी होती, तिच्यावरचा यादी भाग आणि अनुक्रमांक घेऊन पीडीएफ उघडली तर माझ्या नंबरावर भलत्याच बाईचं नाव. झालं! "मी स्वतः खात्री केलीय" असं वर लिहून चार ग्रुपवर ढकललं. तासाभरात दुकानासमोर तीस-चाळीस माणूस. संध्याकाळी आमच्या बीएलओ बाई, म्हणजे भागातली मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकारी, आल्या, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी दोन-चार पानं चाळली आणि शेजारच्या यादी भागात माझं, बायकोचं, आईचं नाव बोट ठेवून दाखवलं. केंद्रांची फेररचना झालेली, त्यामुळं भाग क्रमांक बदललेला, हॅकरबिकर कोण नव्हतं. त्या बाई रात्री नऊपर्यंत गल्लीत दारोदार फिरून लोकांना समजावत होत्या, कारण माझा मेसेज त्यांच्या आधी सगळ्यांच्या घरी पोचला होता.

माझं कोल्हापुरात शिवाजी पेठेत झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, आणि आजवर तीन निवडणुकांना पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराच्या वतीनं बूथवर बसणारा माणूस, म्हणून बसलोय. त्या प्रकारानंतर जरा डोकं घालून वाचलं की बाहेरच्या देशांनी निवडणुकीवर खरंच हल्ले केलेत का, कुठं केले, कसे केले. केलेत, चांगले दणकून केलेत. पण मत मोजायच्या मशिनीपेक्षा मशिनीच्या आजूबाजूचं सगळं त्यांना सोपं पडतं. मतदारांची यादी, पक्षाच्या माणसाचा ईमेल, निकाल दाखवणारी वेबसाईट, आणि सगळ्यात सोपं म्हणजे आपली आपसातली भांडणं. आता हे सगळं आपण कसं सांभाळायचं ते सांगतो, मतदानाच्या महिनाभर आधीपासून निकालाच्या रात्रीपर्यंत.

यादी आधी बघा, आणि नीट बघा

2016 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या मतदार नोंदणीच्या वेबसाईटमधनं रशियन हॅकर आत शिरले. अमेरिकेच्या आरोपपत्रात आकडा आहे साधारण 5 लाख मतदारांच्या माहितीचा. नावं, पत्ते, जन्मतारखा. पुढं त्यांच्या सिनेटच्या समितीनं चौकशी केली तर कुणाचं नाव बदललं किंवा उडवलं असा पुरावा सापडला नाही, पण शिरले होते हे पक्कं. इंग्लंडचं तर त्याहून भारी. तिथल्या निवडणूक आयोगाच्या सर्व्हरमध्ये ऑगस्ट 2021 मध्ये कोणतरी घुसलं, आयोगाला कळलं ऑक्टोबर 2022 मध्ये, आणि लोकांना सांगितलं ऑगस्ट 2023 मध्ये. सुमारे 4 कोटी मतदारांची माहिती उघडी पडली, आणि मार्च 2024 मध्ये ब्रिटिश सरकारनं चीनशी संबंधित लोकांकडं बोट दाखवलं. कारण काय, तर सर्व्हरचे अपडेट वेळेवर टाकले नव्हते, पासवर्ड कच्चे होते. म्हणजे आपल्या सोसायटीच्या वायफायची जी कथा तीच.

आपल्याकडं यादी तशी उघडीच असते, पीडीएफ कुणीही डाऊनलोड करतो, त्यामुळं माहिती चोरण्यात मोठा तीर मारल्यासारखं काही नाही. आपल्याला भ्यायचं ते नाव उडण्याचं. आणि त्यासाठी रशिया-चीनपर्यंत जायची गरज पण नाही. शेजारच्या कर्नाटकात आळंद मतदारसंघात 2023 च्या विधानसभेआधी नावं वगळायचे 6,018 ऑनलाईन अर्ज आले, पडताळणी केली तर त्यातले खरे फक्त 24. ज्यांच्या नावानं अर्ज भरले होते त्यांना पत्ताच नव्हता. बाकीचे अर्ज फेटाळले, गुन्हा दाखल झाला. हे पकडलं गेलं ते घरी जाऊन विचारल्यामुळं, कुठल्या सॉफ्टवेअरमुळं नाही.

मग करायचं काय. व्होटर्स डॉट ईसीआय डॉट गव्ह डॉट इन ही साईट स्वतः टाईप करून उघडा, लिंकवर टिचकी मारून नाही. ओळखपत्रावरचा नंबर, ज्याला एपिक म्हणतात, तो टाकून शोधा. जुन्या चिठ्ठीवरच्या भाग क्रमांकावर शोधायला जाऊ नका, माझी फजिती आत्ताच वाचली तुम्ही. एपिक टाकला की सध्याचा भाग, अनुक्रमांक आणि केंद्र तिघंही येतात. त्या पानाची प्रिंट काढा किंवा निदान स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. महिन्यानं परत बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आणि लग्न होऊन आलेल्या पोरींचं आधी बघा, कारण घोळ तिथंच जास्त असतो. नाव नसेल तर फॉर्म 6, पत्ता किंवा स्पेलिंगची दुरुस्ती असेल तर फॉर्म 8. फॉर्म 7 हा नाव वगळायचा, तो तुमच्या नावानं कोणी भरला असेल तर बीएलओकडं चौकशी येते, म्हणून बीएलओचा नंबर फोनमध्ये ठेवा आणि त्या दारात आल्या तर "आत्ता नाही, नंतर या" म्हणून परत पाठवू नका. हेल्पलाईन 1950. आणि हे सगळं उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या निदान दहा-बारा दिवस आधी उरका, मतदानाच्या आदल्या रात्री माझ्या दुकानात येऊन काय उपयोग नसतो, दरवेळी चार-पाचजण येतातच आणि मला शिव्या घालून जातात.

अजून एक. 2020 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा वगैरे राज्यांतल्या मतदारांना ईमेल गेले, "ट्रम्पला मत दे, नाहीतर तुला बघून घेऊ", एका कडव्या गटाच्या नावानं. काही मेलमध्ये मतदाराचा घरचा पत्ता पण. लोकं घाबरली, की याला माझा पत्ता माहितीय म्हणजे मत पण माहिती असणार. ते मेल निघाले इराणमधून, पुढच्या वर्षी दोन इराणी माणसांवर गुन्हा दाखल झाला. आपल्याकडं तर यादी उघडी, त्यामुळं फोनवरचा माणूस तुमचं पूर्ण नाव, वय, घर नंबर धडाधडा वाचून दाखवत असेल तरी तो आयोगाचा ठरत नाही, आणि तुम्ही कुणाला मत दिलं ते त्याला कळत तर नाहीच नाही.

फोन आणि पासवर्ड, विशेषतः प्रचारात फिरणाऱ्यांनी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच कोण मनावर घेत नाही.

19 मार्च 2016. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांच्या जीमेलवर एक मेल आला, गूगलकडून आल्यासारखा. कोणीतरी युक्रेनमधून तुमचा पासवर्ड वापरून लॉगिन करायचा प्रयत्न केला, ताबडतोब पासवर्ड बदला, आणि खाली निळं बटण. ऑफिसातल्या लोकांना शंका आली, त्यांनी कॉम्प्युटरवाल्या पोराला विचारलं. त्यानं उत्तर पाठवलं की मेल खरा आहे, पासवर्ड बदलायला सांगा. नंतर तो म्हणाला, मला 'खोटा आहे' असं लिहायचं होतं, टाईप करताना चुकलो. त्यानं सोबत गूगलची खरी लिंक पण दिलेली, पण बटण दाबलं गेलं ते त्या मेलमधलंच. पन्नास हजारांवर ईमेल रशियन लष्करी गुप्तचरांच्या हातात गेले आणि ऑक्टोबरपासून मतदानापर्यंत रोज थोडे थोडे बाहेर येत राहिले. कुठलं मशीन फोडलं नाही, कुठलं सर्व्हर उडवलं नाही, एक बटण दाबलं माणसानं.

आता आपल्याकडं बघा. नगरसेवकाचं फेसबुक पेज चालवतो भाचा, पासवर्ड साहेबांच्या नावापुढं 123, आणि तोच पासवर्ड जीमेलला. प्रभागातल्या मतदारांची एक्सेल शीट, मोबाईल नंबरासकट, पंधरा पोरांच्या फोनात फिरतीय. यातल्या एकानं जरी चुकीची फाईल उघडली तरी सगळं गेलं.

तर हे आजच करा, वाचता वाचता करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये अकाऊंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथं सहा आकडी पिन टाका. जन्मसाल टाकू नका. मग लिंक्ड डिव्हायसेस उघडा, तिथं तुमच्या ओळखीचा नसलेला कॉम्प्युटर दिसला तर लॉग आऊट. माझ्या दुकानात माणसं प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब उघडतात आणि तसंच चालू ठेवून जातात, मी दिवसाला सहा-सात बंद करतो. सगळेच दुकानदार करतात असं धरून चालू नका. गूगल खात्याला पण टू-स्टेप लावा, ओटीपी एसएमएसवर येण्यापेक्षा ॲपवर घ्या, नाहीतर पासकी वापरा, म्हणजे बोटाच्या ठशानं किंवा फोनच्या लॉकनं लॉगिन. उमेदवाराच्या पेजचे ॲडमिन किती, कोण, ते एकदा कागदावर लिहा, मागच्या निवडणुकीतला फुटून दुसऱ्या गटात गेलेला पोरगा अजून ॲडमिन असतो, हसू नका, असतो.

एपीके फाईल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप घालणारी फाईल. लग्नपत्रिका म्हणून येते, आरटीओचं चलन म्हणून येते, निवडणुकीत मतदार यादी नाहीतर मतदान चिठ्ठी म्हणून आली तर आश्चर्य वाटायला नको. यादी पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की उडवा. उघडली असेल तर फोन फ्लाईट मोडवर टाका, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा आणि 1930 ला फोन लावा, लाज वाटून गप्प बसू नका, दुसऱ्या दिवशी सांगून पैसे परत मिळायची शक्यता लई कमी.

फ्रान्सवाल्यांनी 2017 मध्ये एक गंमत केलेली. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मॅक्रॉन यांच्या टीमला माहिती होतं की आपल्यावर फिशिंग, म्हणजे खोटे मेल पाठवून पासवर्ड काढून घ्यायचा प्रकार, चालू आहे, मग त्यांनी म्हणे मुद्दाम खोटी खाती, खोटी कागदपत्रं पेरून ठेवली. 5 मे ला, मतदानाला दोन दिवस असताना, चोरलेले मेल बाहेर पडले तेव्हा त्यात खरं किती आणि पेरलेलं किती हे कुणाला सांगता येईना. आपण एवढं करायला नको, पिन टाकली तरी मिळवलं.

शेवटचे दोन दिवस

प्रचार थांबला की 48 तास उमेदवाराला जाहीर बोलता येत नाही, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी सनसनाटी येतं. वर फ्रान्सचं बघितलंच. स्लोव्हाकियात 30 सप्टेंबर 2023 च्या मतदानाच्या दोन दिवस आधी एक ऑडिओ आला, एका मोठ्या पक्षाचा नेता आणि एक पत्रकार बाई मतं कशी विकत घ्यायची त्यावर बोलतायत. आवाज एआयनं बनवलेला. दोघांनी लगेच नाकारलं, पण प्रचारबंदीचा काळ, वृत्तवाहिन्यांना त्यावर फारसं बोलायची सोय नव्हती.

रोमानियाचं प्रकरण अजून पुढं गेलं. 24 नोव्हेंबर 2024 ला राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी, फारसा चर्चेत नसलेला माणूस टिकटॉकच्या जोरावर पहिला आला, गुप्तचरांनी सांगितलं की निवडणूक यंत्रणेवर 85 हजारांवर सायबर हल्ल्यांचे प्रयत्न झाले आणि टिकटॉकवरचा प्रचार ठरवून वाढवलेला होता. 6 डिसेंबरला तिथल्या घटनात्मक न्यायालयानं सगळी निवडणूकच रद्द केली. आपल्यावर पण डोळा नाही असं नाही, 2024 च्या लोकसभेच्या वेळी एका इस्रायली कंपनीनं एआयनं लिहिलेल्या कॉमेंट टाकायला सुरुवात केलेली, चॅटजीपीटीवाल्या ओपनएआय कंपनीनं ती चोवीस तासांच्या आत बंद पाडल्याचं जाहीर केलं.

पण माझ्या मते आपण ज्यावर खरा विचार करायला पाहिजे ती गोष्ट टेक्सासमधली आहे. 21 मे 2016, ह्यूस्टन शहर, एका इस्लामिक सेंटरसमोर एका बाजूला टेक्सासच्या इस्लामीकरणाविरुद्ध निदर्शनं, समोरच्या फुटपाथला इस्लाम वाचवा म्हणणारी निदर्शनं, मधी पोलीस. दोन्ही मोर्चांची हाक फेसबुक पेजवरून आलेली. आणि ती दोन्ही पेज चालवत होती रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधली एकच कंपनी. म्हणजे टेक्सासची माणसं एकमेकांना शिव्या देत उन्हात उभी आणि दोन्हीकडची पोस्टर सुचवणारा माणूस हजारो मैलांवर चहा पीत बसलेला.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. 7 जून 2023 आठवा. दोन-तीन पोरांच्या आक्षेपार्ह स्टेटसवरून बंद, बिंदू चौक-शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, आणि मग इंटरनेट बंद. त्यात बाहेरच्या देशाचा हात होता असं मी म्हणत नाही, अजिबात नाही. मी एवढंच म्हणतोय की आपल्या गावात मोबाईलच्या स्टेटसपासून चौकापर्यंतचं अंतर किती आहे ते आपण मोजून बघितलंय. दूर बसलेल्या माणसाला ते माहिती झालं तर त्याला ईव्हीएमची कशाला गरज पडतीय.

मग फॉरवर्ड आल्यावर काय करायचं. पहिलं, व्हिडिओत जागेचं आणि तारखेचं नाव आहे का बघा, "आत्ताची बातमी" ही तारीख नसते. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सवर टाका, निम्म्या वेळा तोच व्हिडिओ तीन वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्या राज्यातला निघतो. पाट्या कुठल्या भाषेत आहेत, पोलिसांचा ड्रेस कुठला, गाडीची नंबरप्लेट कुठली बघा. ऑडिओ असेल तर पूर्ण मागा, चाळीस सेकंदांचा तुकडा कधीच धरू नका. पाठवणाऱ्याला विचारा की तुला कुणी पाठवला, दोन पायऱ्या मागं गेलात की "ग्रुपवर आला" इथं दोर तुटतो, मग तो आपणपण तिथंच सोडायचा.

जीपमधून ईव्हीएम चालल्याचा व्हिडिओ तर दरवेळी येतो. सेक्टर ऑफिसरच्या गाडीत राखीव मशिनी असतात, बूथवरचं बंद पडलं तर बदलायला. जनजागृतीच्या मशिनी वेगळ्या असतात, त्यांच्यावर पिवळं स्टिकर असतं. म्हणून व्हिडिओ दिसला की आधी स्टिकर आणि मशीनचा नंबर बघा आणि आपल्या उमेदवाराच्या माणसाकडं असलेल्या यादीत तो नंबर आहे का विचारा, कारण कुठली मशीन कुठल्या बूथला आणि राखीव कुठल्या ही यादी पक्षांना दिलेली असते. यादीत नंबर नसला तर मात्र गप्प बसू नका, लेखी तक्रार द्या. अमेरिकेत 2024 ला पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काऊंटीतला व्हिडिओ फिरला, एक माणूस टपाली मतपत्रिका फाडतोय. निवडणूक कार्यालयानं बघितलं तर पाकीटं, मतपत्रिका त्यांच्या नव्हत्याच, आणि एफबीआय आणि इतर खात्यांनी एक-दोन दिवसांत सांगितलं की बनवणारे रशियन. लवकर पकडलं गेलं ते कुणीतरी पाकीट, कागद नीट बघितला म्हणून.

बूथवर

आता मशीन. माझं मत सरळ सांगतो. ईव्हीएम इंटरनेटला जोडलेलं नाही, वायफाय-ब्लूटूथ नाही, त्यामुळं मॉस्कोत बसून कोल्हापूर उत्तरचं मशीन हॅक केलं ही गोष्ट मला पटत नाही. पण मशिनीला हात लागला तर काहीच होत नाही असं पण मी म्हणणार नाही. 2010 मध्ये हरिप्रसाद, हाल्डरमन आणि हॉलंडचे खोंगरेप या तिघांनी एक जुनं भारतीय ईव्हीएम उघडून आतला डिस्प्लेचा बोर्ड बदलून दाखवलेला. त्यासाठी मशीन हातात पाहिजे. व्हीव्हीपॅटमध्ये, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणाऱ्या मशिनीत, उमेदवारांची चिन्हं कॉम्प्युटरवरून एका युनिटनं भरली जातात, तिथंही माणसाचा हात लागतो, म्हणूनच सुप्रीम कोर्टानं 26 एप्रिल 2024 च्या निकालात ते युनिट निकालानंतर 45 दिवस सील करून ठेवायला सांगितलं. म्हणजे राखण करायची ती हाताची, आणि ती राखण एजंट करतो. तुम्ही म्हणजे.

मॉक पोल, म्हणजे मशिनीची चाचणी, सात वाजता मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला. थंडी असते, पोरं "सातला जातो की" म्हणून झोपतात, आणि हाच वेळ सगळ्यात मोलाचा. मागच्या खेपेला मी महापालिकेच्या शाळेतल्या दुसरीच्या वर्गात बसलेलो, गुडघे छातीला लागतील असल्या बाकावर, फळ्यावर अजून पाढे तसेच. केंद्राध्यक्षांनी निदान 50 मतं टाकायची असतात, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटाला पण. आम्ही चौघा एजंटांनी आलटून-पालटून बटणं दाबली, मी कागदावर उभ्या रेघा मारत होतो. मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर, या क्रमानं. रिझल्ट दाबला की रेघांशी आकडा जुळवायचा, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून त्या पण मोजायच्या. त्या चिठ्ठ्यांच्या मागं मॉक पोलचा शिक्का मारतात आणि काळ्या लिफाफ्यात सील करतात. आणि क्लिअर झालं का हे टोटल बटण दाबून शून्य बघूनच सही करायची. आमच्यात एकजण न बघता सही करत होता, मी त्याचा हात धरला, दुसऱ्या पक्षाचा होता तरी.

एका वहीत कंट्रोल युनिट (मतं साठवणारं), बॅलेट युनिट (बटणांचं), व्हीव्हीपॅट यांचे नंबर आणि सीलचे नंबर लिहून घ्या. मोबाईल आत चालत नाही, म्हणून वही आणि दोन पेनं. दिवसभरात दर दोन तासांनी झालेलं मतदान कळवतात, तो टोटल आकडा लिहून घेत जा.

मतदारांसाठी, व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते. अनुक्रमांक, नाव, चिन्ह. बटण दाबून लगेच वळू नका, मान वाकवून बघा. दुसऱ्याच नावाची आली असं वाटलं तर तिथल्या तिथं केंद्राध्यक्षांना सांगायचं, ते लेखी घेतात आणि एजंटांसमोर टेस्ट मत टाकायला लावतात. खोटं निघालं तर तुमच्यावर गुन्हा होतो, म्हणून नीट बघितलं असेल तरच. पण बाहेर जाऊन चहाच्या गाड्यावर सांगून त्याचा काही उपयोग नाही, तिथं नियम लागू नाही. महापालिका आणि झेडपीला आपल्याकडं व्हीव्हीपॅट नसतं, तेव्हा मॉक पोल आणि सील यावरच सगळं आलं, त्या निवडणुकीत तर एजंटानं पहाटे हललंच पाहिजे.

सहा वाजता रांगेत जेवढे उभे तेवढ्यांना केंद्राध्यक्ष नंबराच्या चिठ्ठ्या देतात, रांगेच्या शेपटापासून सुरू करून पुढं, म्हणजे मागून कोण घुसायला नको. त्यांचं मतदान कितीही वाजेपर्यंत चालतं. 2024 च्या विधानसभेला राज्याचा मतदानाचा आकडा पाचला 58.22 टक्के आणि शेवटी 66.05 झाला, त्यावरून केवढा गदारोळ झाला माहितीच आहे. पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला कच्चा अंदाज असतो. एवढी वाढ कशी झाली हा प्रश्न विचारायला माझी काही हरकत नाही, विचारावाच, पण त्याचं उत्तर ट्विटरवर मिळत नाही, ते त्या बूथच्या 17सी वर असतं.

17सी हा फॉर्म म्हणजे झालेल्या मतांचा हिशोब. किती मतदार होते, रजिस्टरात किती सह्या, किती जणांनी मत दिलं नाही, टेस्ट मतं किती, मशीन किती दाखवतंय, आणि मशिनीचे नंबर. रजिस्टर आणि मशीन जुळलं पाहिजे. ही प्रत सही करून एजंटाला मिळते, तो तुमचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. दिवसभर बसून शेवटी जेवणाच्या घाईत न घेता निघून जाणारे एजंट मी बघितलेत. त्या माणसानं मग पाच वर्षं ईव्हीएमवर बोलू नये असं मला वाटतं.

निकालाचा दिवस, आणि गुलालाची घाई

युक्रेन, 25 मे 2014. मतदानाच्या तीनेक दिवस आधी हॅकरांनी निवडणूक आयोगाचं नेटवर्क पुसून टाकलं, बॅकअप होता म्हणून परत उभं केलं. निकाल जाहीर व्हायच्या तासभर आधी तज्ञांना सर्व्हरमध्ये अजून एक प्रोग्राम सापडला, तो आयोगाच्या वेबसाईटवर यारोश नावाच्या कडव्या उमेदवाराला 37 टक्के देऊन विजयी दाखवणार होता. खरी मतं त्याला एक टक्का पण नव्हती. प्रोग्राम काढला, साईटवर काही आलं नाही. पण त्या संध्याकाळी रशियाच्या सरकारी वाहिनीनं तोच 37 टक्क्यांचा आकडा आयोगाच्या साईटचा म्हणून बातमीत दाखवला. युक्रेनमधली मतं कागदाच्या मतपत्रिकांवर होती, पेट्या होत्या, त्यामुळं खरा निकाल कुठं गेला नाही. फक्त फळ्यावरचा आकडा बदलायचा डाव होता. हॉलंडवाल्यांनी 2017 ला याच भीतीनं बेरीज करायचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून हातानं मोजणीचा निर्णय घेतला.

आपल्याकडं फळ्यावरचा आकडा दिसला की गुलाल उधळायला किती मिनिटं लागतात? टीव्हीवर आघाडी दिसली की मिरजकर तिकटीला हलगी सुरू, आणि तासाभरात आकडा फिरला की तीच माणसं "सेटिंग झालं" म्हणून मोकळी. म्हणून एक काम करा. मोजणीला जो एजंट आत बसणार त्याला बूथवार 17सी ची फाईल द्या. टेबलावर मशीन आलं की आधी कंट्रोल युनिटचा नंबर 17सी शी जुळवायचा, मग सील, मग एकूण मतं. जुळलं की पुढं. नसेल जुळत तर त्याच वेळी, त्याच टेबलावर लेखी हरकत. फेरी संपल्यावर निर्णय अधिकारी जाहीर करतात तो आकडा लिहायचा, टीव्हीचा नाही, वेबसाईटचा पण नाही. वेबसाईट बंद पडली, हळू झाली, भलताच आकडा दाखवला तरी टेबलावरचा कागद हलत नाही. विधानसभेला प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून मोजतात, ती केंद्रं सोडत काढून निवडतात, त्याला थांबा, घरी पळू नका.

आपली फौजी पोरं, गडहिंग्लज-चंदगड-कागलकडची, त्यांच्या मतपत्रिका ऑनलाईन जातात म्हणून बरेच जण विचारतात ते हॅक होईल का. जाताना ऑनलाईन जाते, पण येताना कागदावर टपालानंच येते, त्यावरचा क्यूआर कोड मोजणीच्या टेबलावर स्कॅन करतात. ज्यांना वेळेत पोचायची काळजी आहे त्यांनी पोराला आलेल्या दिवशीच टपालात टाकायला सांगावं.

काही आठवड्यांनी फॉर्म 20 बघायला मिळतो, बूथवार कुणाला किती मतं. तुमच्या 17सी वरचा एकूण आकडा आणि फॉर्म 20 मधली तुमच्या बूथची बेरीज शेजारी ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. फरक दिसला तर तुमच्या हातात सहीचा कागद आहे, तो घेऊन उमेदवाराकडं जा. निवडणूक याचिकेला निकालापासून 45 दिवसच असतात हे लक्षात ठेवा.

आणि 17सी ची प्रत बऱ्याचदा कार्बनची असते, खिशात घामानं पुसते, गेल्या वेळी एकाची तर मटणाच्या रश्श्यात गेली. मतदानाच्या रात्री लगेच दोन झेरॉक्स काढा, एक उमेदवाराला, एक घरी प्लास्टिकच्या फोल्डरात. पेठेतल्या कुठल्याही पक्षाच्या एजंटाला त्या रात्री माझ्याकडं फुकट काढून मिळते. फक्त दहाच्या आत या, नंतर मी शटर ओढतो.